बाहेरकाठ्यापासून सातबाऱ्यापर्यंत : कुलाबा जिल्ह्यातील शेतकरी संघटनेची वाटचाल

आजचा रायगड, म्हणजे १ जानेवारी १९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा. या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या संघटनेने आपल्या दीर्घ प्रवासात अनेक नावे धारण केली. शेतकरी परिषद, शेतकरी संघ, स्वतंत्र मजूर पक्ष आणि शेवटी शेतकरी कामगार पक्ष असे टप्पे ओलांडत ती पुढे आली असली, तरी कसणाऱ्याच्या हाती पिकाचा आणि जमिनीचा किती वाटा राहावा, हा तिच्यापुढचा मूळ प्रश्न बदलला नाही. या वाटचालीच्या पहिल्या पर्वावर नारायण नागू पाटील या आगरी शेतकरी पुढाऱ्याची छाप आहे. मात्र ते स्वतः ज्यांच्या बळावर उभे राहिले, त्या चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांची नावे फारशी कोठे नोंदली गेली नाहीत, आणि म्हणून हा इतिहास एका व्यक्तीचा न मानता समूहाचा मानणे अधिक न्याय्य ठरेल. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, राजपुरी खाडीच्या काठी वसलेली दिघी या कथेत उशिरा येते. तिच्या उशिरा येण्याला राजकीय कारण आहे आणि ते पुढे यथास्थान सांगितले आहे.

पार्श्वभूमी : खोती आणि खारेपाट

खोत म्हणजे गावाचा शेतसारा सरकारात भरण्याची जबाबदारी घेतलेला वंशपरंपरागत मध्यस्थ. सरकारला ठरावीक रक्कम भरल्यानंतर कुळांकडून किती वसूल करायचे, हे बऱ्याच अंशी त्याच्या मर्जीवर अवलंबून असे, आणि सरकारदरबारी गावाच्या वतीने बोलणाराही तोच असल्यामुळे कुळाची तक्रार ऐकून घेणारा दुसरा कोणी उरत नसे. पिकाचा निम्मा भाग देण्याच्या प्रथेला अर्धल आणि तिसरा हिस्सा देण्याच्या प्रथेला तिर्धल म्हणत. भाताचा खंड खंडीत म्हणजे वीस मणांच्या मापात मोजला जाई आणि त्यावर वेठ, भेटी व किरकोळ बाबींचा बोजा चढे. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसूनही कुळाचे नाव कागदावर नसे, त्यामुळे खोताने किंवा सावकाराने बेदखल केले तर दाद मागण्यासाठी हातात काहीही राहत नसे.

अलिबाग आणि पेण तालुक्यांतील खारेपाटाची शेती आणखी एका कारणाने वेगळी होती. भरतीच्या पाण्याखाली जाणारी खाजणाची जमीन मातीचे बांध घालून समुद्रापासून तोडून घ्यायची, पावसाच्या गोड्या पाण्याने तिचा खारेपणा धुऊन काढायचा आणि मग तिच्यात भात लावायचे, अशी ही पद्धत आहे. समुद्राच्या अंगाच्या मुख्य बांधाला बाहेरकाठा म्हणतात आणि आतले पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडून भरतीला खारे पाणी अडवणाऱ्या झडपेला उघाडी म्हणतात. मोठ्या उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या चढत्या भरतीला, बाहेरकाठ्याला खांड पडली, तर एका शेताचे नुकसान होऊन भागत नाही. सगळ्या खाराचे भात जाते आणि जमिनीतले मीठ निघेपर्यंत पुढच्या हंगामांनाही त्याचा फटका बसतो. अशा वेळी जात, भाऊबंदकी आणि जुने वाद बाजूला ठेवून गावाला पुढची भरती येण्याआधी चिखल, पेंढा आणि दगड घेऊन खांडीवर उतरावे लागते. या भागातल्या शेतकऱ्यांना पुढे इतका दीर्घ संप करता आला त्याचे मूळ कोणत्याही भाषणापेक्षा या सवयीत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उधाणाविरुद्ध एकत्र उभे राहण्याचे शिक्षण त्यांना खोताविरुद्ध उभे राहण्याच्या कितीतरी आधी मिळाले होते.

१९२० ते १९३०

या दशकात जिल्ह्यात जागृतीचे दोन प्रवाह समांतर चालले होते. महाडला मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे असे सवर्ण कार्यकर्ते त्यात सहभागी झाले. हेच चित्रे पुढे शेतकऱ्यांच्या लढ्यात नारायण नागूंचे निकटचे सहकारी झाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण सामाजिक समतेची चळवळ आणि कुळांची चळवळ यांच्यामधला दुवा या जिल्ह्यात कागदी ठरावांनी जोडला नसून माणसांनी जोडला आहे. दुसरा प्रवाह आगरी समाजाच्या सभांमधून आणि शेतकऱ्यांच्या मेळाव्यांमधून वाहत होता. मीठ आणि भात या दोन्हींवर जगणारा हा समाज संख्येने मोठा असला, तरी शिक्षणात मागे होता. अर्ज, कबुलायत आणि फेरफार यांची भाषा समजणारा आणि ती समजावून सांगणारा माणूस ही त्याची पहिली गरज होती आणि नारायण नागूंचे महत्त्व प्रथम याच कामातून वाढले.

१९३० ते १९४०

हे दशक संघटनेच्या इतिहासाचे शिखर आहे. त्याची सुरुवात सविनय कायदेभंगाच्या वातावरणात झाली. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरला जंगल सत्याग्रहात पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी-कष्टकरी समाजातील माणसे प्राणांस मुकली. त्याच वर्षाच्या अखेरीस पेणला जिल्ह्यातील शेतकऱ्यांची परिषद भरली आणि खोतीविरुद्धच्या मागण्यांना संघटित रूप मिळाले. पुढील काळात सरकारने सभा आणि भाषणांवर बंदी घातल्यामुळे कामाचा वेग मंदावला. बंदीची मुदत संपल्यावर मात्र कार्यकर्ते थेट गावोगाव गेले.

२७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी येथे सभा होऊन कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. चरीचा संप म्हणून प्रसिद्ध असलेल्या या लढ्यात पंचवीस गावे सामील झाली आणि तो १९३९ पर्यंत चालला. भारतातील शेतकऱ्यांच्या संपांपैकी सर्वांत दीर्घकाळ चाललेला संप म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. या संपाचे स्वरूप सारा न भरण्याच्या चळवळींपेक्षा वेगळे होते. बारडोलीसारख्या लढ्यात शेतकरी पीक काढीत आणि सरकारचा पैसा अडवून धरीत. चरीच्या कुळांनी नांगरच खाली ठेवला, त्यामुळे खोताच्या कोठारात जाणारा अर्धा वाटा जसा थांबला तसा कुळाच्या घरात येणारा अर्धाही थांबला. मालकाला उपाशी ठेवण्यासाठी स्वतः उपाशी राहण्याची तयारी ठेवावी लागणे ही या पद्धतीची अटळ किंमत होती आणि ती सहा पावसाळे मोजली गेली.

त्या काळातील निर्वाहाची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय या संपाची खोली कळत नाही. डोंगरातून लाकूडफाटा तोडून तो विकायचा, खाडीत मासे आणि चिंबोऱ्या धरायच्या, जमेल तेथे मोलमजुरी करायची, असे मार्ग संपकरी कुटुंबांनी स्वीकारले. कणगी रिकामी असताना शेजाऱ्याने गुपचूप नांगर धरू नये याची काळजी प्रत्येक गावाला स्वतःच घ्यावी लागली. आगरी, मराठा आणि महार कुळे एकाच निर्णयाला बांधली गेली होती. ज्या जिल्ह्यात थोड्याच वर्षांपूर्वी पाण्याच्या हक्कावरून डोकी फुटली होती, त्या जिल्ह्यात हे घडले. न कसलेल्या खारजमिनीचा प्रश्न तर त्याहून बिकट होता, कारण बाहेरकाठ्याची देखभाल थांबली की समुद्र आपली जमीन परत मागू लागतो. संप जितका लांबत जाई तितकी संपानंतर कसायची जमीनही हातची जाण्याची भीती वाढत जाई.

डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले आणि शेतकऱ्यांच्या सभेत त्यांनी लढ्याला पाठिंबा दिला. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या कार्यक्रमात खोती नष्ट करण्याच्या मागणीला मानाचे स्थान मिळाले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला, आणि बोटीने, पायी, मिळेल त्या वाटेने आलेल्या या माणसांमुळे कुलाबा-रत्नागिरीचे दुखणे राजधानीच्या रस्त्यावर प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणावर दिसले. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळातील महसूलमंत्री मोरारजी देसाई यांनाही चरीच्या प्रश्नात लक्ष घालावे लागले. १९३९ च्या मुंबई कूळकायद्याने संरक्षित कूळ ही संज्ञा कायद्यात आणली. संरक्षित कूळ म्हणजे ठरावीक काळ जमीन कसल्यामुळे ज्याला मालकाच्या लहरीनुसार काढून टाकता येत नाही असा शेतकरी. कायद्याची व्याप्ती मर्यादित होती आणि खोती तशीच राहिली होती. तरीही कुळाचे अस्तित्व कायद्याने मान्य करण्याची ही सुरुवात होती, आणि संपकऱ्यांनी नांगर पुन्हा हाती घेतला तो या मान्यतेनंतर.

याच दशकात, १९३७ मध्ये, नारायण नागूंच्या पुढाकाराने अलिबागहून ‘कृषीवल’ हे पत्र सुरू झाले. शेतकऱ्यांच्या बाजूने लिहिणारे पत्र शेतकऱ्यांनीच चालवावे ही त्यामागची भूमिका होती. शहरातील वृत्तपत्रांत जिल्ह्यातील बातमी जप्ती किंवा दंगल झाली तरच येत असे. ‘कृषीवल’मुळे खंडाची आकारणी, बेदखलीचे दावे, बांधांची मोडतोड असे विषय छापून येऊ लागले आणि जिल्ह्याच्या राजकारणाला स्वतःची भाषा मिळाली. शेतकरी पुढारी आणि स्थानिक राजकारणी यांच्यामधले अंतर नारायण नागूंनी कापले ते या दोन साधनांनी, म्हणजे संपाच्या शिस्तीने आणि छापील शब्दाने.

१९४० ते १९५०

युद्ध, टंचाई आणि चलेजाव चळवळ यांच्या धामधुमीत संघटनेचे काम काही काळ मागे पडले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, ऑगस्ट १९४७ मध्ये, काँग्रेसमधील शेतकऱ्यांच्या बाजूच्या मंडळींनी शेतकरी कामगार पक्षाचा पाया घातला. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे हे त्याचे अग्रणी होते. कुलाबा जिल्ह्यात चरीच्या लढ्यातून तयार झालेली कार्यकर्त्यांची फळी या पक्षाकडे आली आणि जिल्हा त्याचा सर्वांत टिकाऊ बालेकिल्ला ठरला. जुन्या सहकाऱ्यांपैकी काहींनी वेगळी वाट धरली. त्यांच्या कामाचे ऋण संघटनेने नेहमीच मान्य केले आहे.

१९४८ मध्ये कुळांसंबंधीचा अधिक व्यापक कायदा आला. जिच्याविरुद्ध सहा वर्षे जमीन पडीत ठेवली गेली होती, ती खोतांची मध्यस्थी १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने संपवली. त्याच सुमारास झालेला आणखी एक बदल दिघीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा हा मुलूख सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानात मोडत होता. दिघीच्या किनाऱ्यावरून राजपुरी खाडीच्या मुखाशी जंजिरा किल्ला दिसतो, त्यामुळे ही सत्ता गावाच्या रोजच्या नजरेत होती. संस्थानी हद्दीतील शेतकऱ्याचे कायदे, सारा आणि कचेरी वेगळी असल्यामुळे अलिबागकडील लढ्याची बातमी खाडी ओलांडून आली, तरी त्या लढ्याचे कायदेशीर फळ आपोआप त्याच्या पदरात पडण्यासारखे नव्हते. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन हा भाग कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला आणि कूळकायदा, खोती निर्मूलन व जिल्ह्याचे राजकारण हे तिन्ही दिघीला लागू झाले ते त्यानंतर.

१९५० ते १९७०

१ एप्रिल १९५७ हा दिवस कूळकायद्यातील दुरुस्तीनुसार कृषकदिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याच्या अटींवर तिचा मालक मानले गेले. जिल्ह्यातील अनेक घरांना सातबाऱ्याचा उतारा, म्हणजे जमिनीची मालकी आणि पीक यांची नोंद असलेला कागद, स्वतःच्या नावाने पाहायला मिळाला. मात्र त्याचबरोबर खारेपाटात एक नवा प्रश्न उभा राहिला आणि स्मरणिकांमध्ये तो क्वचितच सांगितला जातो. बांध घालण्याची आणि उघाड्या सांभाळण्याची जबाबदारी पूर्वी कोणा ना कोणा मालकाच्या गळ्यात होती. मालकीची शकले झाल्यावर बाहेरकाठा मात्र कोणा एकाच्या उताऱ्यावर बसणारा नव्हता. १९४८ च्या खारजमीन कायद्याने शासनाने या कामात हात घातला, १९७९ च्या नव्या कायद्याने ती व्यवस्था अधिक विस्तारली, आणि तरीही कोणती योजना शासकीय, कोणती खासगी आणि खांड कोणी भरायची, हा वाद खारेपाटात आजतागायत मिटलेला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीचा घटक होता आणि १९५७ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून पक्षाचे राजाराम राऊत लोकसभेवर निवडून गेले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर चळवळीतील माणसे शाळा, रस्ते आणि पाणीपुरवठ्याच्या कारभारात शिरली. संपाच्या काळात कचेरीच्या पायऱ्यांवर अर्ज घेऊन ताटकळणाऱ्यांची पुढची पिढी त्याच प्रकारच्या कचेऱ्यांत सभापतीच्या खुर्चीवर बसली.

१९७० ते १९९०

मुंबई शेजारी असणे हे या जिल्ह्याचे भाग्यही आणि संकटही ठरले. १९७० मध्ये सिडको हे नगरविकास महामंडळ स्थापन झाले आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांची जमीन संपादनाच्या कक्षेत आली. ज्या जमिनीवर नाव लावण्यासाठी आधीच्या पिढीने उपास काढले होते तीच आता मोबदला देऊन घेतली जाणार होती. पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी उभारलेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई आणि दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या प्रमाणात साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे धोरण या लढ्यातून पुढे आले. जमीन घेणाऱ्याने शेतकऱ्याला पुढच्या वाढीव किमतीतही भागीदार करावे हे तत्त्व त्यामुळे रुजले, आणि देशात इतरत्र भूसंपादनाचा वाद निघाला की या धोरणाचा दाखला दिला जातो.

या काळात विधिमंडळात दत्ता पाटील यांनी जिल्ह्याचा आवाज दीर्घकाळ पोहोचवला, तर नारायण नागूंचे पुत्र प्रभाकर पाटील यांनी ‘कृषीवल’ आणि संघटन यांची धुरा वाहिली. त्यांच्यानंतर मीनाक्षी पाटील अलिबागच्या आमदार आणि राज्यमंत्री झाल्या, आणि जयंत पाटील विधान परिषदेत गेले. एकाच घराण्यातून इतके नेतृत्व येण्याविषयी मतभेद असू शकतात आणि ते जिल्ह्यात वेळोवेळी व्यक्तही झाले आहेत. मात्र निवडणुकांच्या पलीकडे बांध, वीज, पाणी यांसाठी वर्षभर धावपळ करणारे शेकडो कार्यकर्ते नसते, तर कोणत्याही घराण्याला ही संघटना टिकवता आली नसती.

१९९० नंतर

पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांत प्रस्तावित केलेल्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे नेते प्रा. एन. डी. पाटील आणि इतर पक्ष-संघटनांच्या कार्यकर्त्यांनी उभारलेल्या लढ्यात २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. शेतकऱ्याला अशा प्रकल्पाबद्दल थेट विचारण्याची ही दुर्मीळ वेळ होती. क्षेत्राला लागणारी जमीन पूर्णपणे संपादित झालीच नाही.

या दशकांतच दिघी संघटनेच्या नकाशावर ठळकपणे आली. राजपुरी खाडीतील खोल पाण्यामुळे येथे खासगी बंदर उभारले गेले आणि २०२१ मध्ये ते दिवाळखोरी प्रक्रियेतून ७०५ कोटी रुपयांना अदानी समूहाकडे गेले. बंदराच्या नावाने ओळखले जाणारे दिघी औद्योगिक क्षेत्र मात्र माणगाव-रोहा परिसरात, बंदरापासून बऱ्याच अंतरावर आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचा भाग असलेल्या या सुमारे सहा हजार एकरांच्या क्षेत्राला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. संपादनाच्या पहिल्या नोटिसा निघाल्या तेव्हा विरोधाचे ठराव, हरकती आणि मोर्चे यांची जी परंपरा माणगाव-रोहा परिसरातील गावांनी स्वीकारली ती उत्तरेकडून आलेली होती, तरी येथील प्रश्न जसाच्या तसा उरण-पनवेलचा नाही. दिघीच्या किनाऱ्यावर शेतकऱ्याच्या बरोबरीने कोळी समाजाचा निर्वाहही गुंतलेला आहे, आणि खाडीतील मासेमारीच्या हक्काला सातबाऱ्यासारखा उतारा नसतो. साडेबारा टक्क्यांची मोजणी जमिनीच्या क्षेत्रफळावर बसते. होडी, जाळे आणि मच्छीमारीची जागा यांची मोजणी कशी करायची, यावर जिल्ह्यातील कोणत्याही आंदोलनाला अजून सर्वमान्य उत्तर सापडलेले नाही.

खाडीपलीकडचा आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये आज वाहने आणि माणसे नेणारी जंगल जेटी चालते, आणि जुन्या संस्थानी मुलखातून अलिबागच्या कचेरीत जाणाऱ्या माणसाचा बराच वळसा त्यामुळे वाचला आहे. दरवर्षी २७ ऑक्टोबरला चरीला संपाचा स्मृतिदिन साजरा होतो आणि ‘कृषीवल’ आता दैनिक म्हणून प्रसिद्ध होतो. खारेपाटातील गावे पावसाळ्यानंतरच्या उधाणांत बाहेरकाठ्यांना पडलेल्या खांडींचे पंचनामे मागत असतात, माणगाव-रोहा परिसरातील खातेदार मोबदल्याच्या दराचा आणि पुनर्वसनाचा पाठपुरावा करीत आहेत, आणि संघटनेच्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या पिशवीत पूर्वी खंडाच्या पावत्या असत तेथे आता संपादनाच्या नोटिसा, मोजणीचे नकाशे आणि वारसनोंदींचे अर्ज असतात.